स्वतःच्या चॅट सर्व्हरसाठी डीएनएस रेकॉर्ड: पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी

प्रोसॉडी किंवा ईजॅबरडी यांपैकी एखादं चॅट सर्व्हर सॉफ्टवेअर इन्स्टॉल झालं, सर्व्हिस चालू दिसतेय, लॉगमध्ये एकही एरर नाही, आणि तरी मोबाइलवरचं ॲप सर्व्हर सापडत नाही म्हणून हात वर करतंय. अशा वेळी नवखी मंडळी कॉन्फिग फाइलमध्ये डोकं खुपसून बसतात. घोळ बहुधा डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून मशीनचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत असतो, आणि त्यातही एकाच ठिकाणी: पत्त्यातलं नाव कोणतं आणि मशीनचं नाव कोणतं, हे आधी ठरवलेलंच नसतं. ते ठरलं की रेकॉर्ड भरायला फार वेळ लागत नाही.

हा लेख एक्सएमपीपी सर्व्हर (प्रोसॉडी आणि ईजॅबरडी याच खुल्या चॅट पद्धतीवर चालतात) धरून लिहिलाय, कारण डीएनएसवर सगळ्यात जास्त भिस्त त्याचीच असते. मॅट्रिक्स ही दुसरी चॅट पद्धत वापरणाऱ्यांसाठी पुढे एक परिच्छेद आहे. उदाहरणांत एक्झाम्पल.कॉम हे डोमेन आणि २०३.०.११३.१० हा आयपी घेतलाय. दोन्ही अशा लिखाणासाठीच राखून ठेवलेले आहेत. इथे सगळं देवनागरीत दिसेल, पण पॅनेलमध्ये नावं आणि आकडे अर्थातच रोमनमध्ये टाइप करायचे.

१. दोन नावं ठरवा

पहिलं नाव लोकांच्या पत्त्यात येणार आहे. म्हणजे मीरा@एक्झाम्पल.कॉम यातला ॲटच्या पुढचा भाग. दुसरं नाव ज्या मशीनवर सर्व्हर चालतो त्या मशीनचं, समजा चॅट.एक्झाम्पल.कॉम.

दोन्हींसाठी एकच नाव ठेवता येतं का? येतं. पत्ताच मीरा@चॅट.एक्झाम्पल.कॉम असा ठेवला, तर निम्मं काम वाचतं आणि एसआरव्ही रेकॉर्ड (ते तिसऱ्या भागात येईल) नसतानाही बऱ्यापैकी चालतं. पण पत्ता एकदा लोकांच्या हाती गेला की बदलता येत नाही. एक्सएमपीपीत खातं एका डोमेनवरून दुसऱ्यावर जसंच्या तसं उचलून नेता येत नाही. कॉन्टॅक्ट, ग्रुप, सगळं नव्यानं जुळवावं लागतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ईमेलचा पत्ता ज्या डोमेनवर आहे तेच डोमेन चॅटच्या पत्त्यातही ठेवा आणि मशीनला वेगळं नाव द्या. थोडं जास्त टायपिंग पडेल, पण उद्या मशीन बदललं तरी कुणाचा पत्ता बदलणार नाही. शिवाय मूळ डोमेनवर वेबसाइट दुसऱ्याच होस्टिंगवर असली तरी तिला हात लावावा लागत नाही.

ठरवलेलं पहिलं नाव प्रोसॉडीत व्हर्च्युअलहोस्ट म्हणून लिहायचं, ईजॅबरडीत होस्ट्सच्या यादीत. मशीनचं नाव तिथे लिहायचं नाही. नवख्यांची गाडी इथेच पहिल्यांदा रुळावरून घसरते.

२. मशीनच्या नावाला आयपी द्या

हे सोपं आहे. डोमेन जिथे घेतलंय तिथल्या किंवा ज्या सेवेकडे नेमसर्व्हर वळवलेत तिथल्या पॅनेलमध्ये ए प्रकारचं एक रेकॉर्ड टाका:

चॅट — ए — २०३.०.११३.१०

नावाच्या रकान्यात फक्त चॅट लिहायचं की पूर्ण चॅट.एक्झाम्पल.कॉम, हे पॅनेलवर अवलंबून आहे. बहुतेक पॅनेल उरलेलं डोमेन स्वतःच जोडतात. पूर्ण नाव लिहिलं आणि पॅनेलनंही जोडलं, तर चॅट.एक्झाम्पल.कॉम.एक्झाम्पल.कॉम असं रेकॉर्ड तयार होतं आणि पॅनेल हू की चू करत नाही. सेव्ह केल्यावर यादीत पूर्ण नाव काय दिसतंय ते एकदा डोळ्यांखालून घाला.

आयपीव्ही६ असेल तर ए शेजारी एएएए रेकॉर्डही टाका. मात्र सर्व्हर खरोखर त्या पत्त्यावर ऐकतोय आणि फायरवॉलमध्ये आयपीव्ही६चे नियमही उघडे आहेत, याची खात्री झाल्यावरच. नुसतं असावं म्हणून टाकलेलं एएएए सगळ्यात वाईट: काही जणांचं ॲप आधी त्या बंद दारावर थांबतं, मग जुन्या आयपीव्ही४ पत्त्याकडे वळतं, आणि तक्रार येते की चॅट जोडायला फार वेळ घेतं. ज्यांच्याकडे आयपीव्ही६ नाही त्यांना हे दिसतच नाही, त्यामुळे शोधताना घाम फुटतो.

सर्व्हर घरच्या इंटरनेटवर ठेवणार असाल तर एक तपासणी आधी करा. राउटरच्या पानावर वॅन आयपी म्हणून जे दिसतं ते आणि बाहेरच्या एखाद्या साइटवर दिसणारा तुमचा आयपी सारखाच आहे का? राउटरवर १००.६४ ते १००.१२७ यांपैकी आकड्यानं सुरू होणारा पत्ता दिसत असेल, तर तुम्ही सीजीएनएटीमागे आहात. एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे आणि बाहेरून येणारी जोडणी तुमच्यापर्यंत पोचणार नाही. इथे कितीही रेकॉर्ड लावली तरी उपयोग शून्य. एक छोटा भाड्याचा व्हीपीएस (होस्टिंग कंपनीकडचं आभासी मशीन) घ्या किंवा इंटरनेट देणाऱ्याकडे सार्वजनिक आयपी मागा.

आणखी एक सापळा. क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेत ए रेकॉर्डशेजारी केशरी ढगाचं चिन्ह असतं. ते चालू असेल तर नावामागे तुमचा नव्हे, त्यांच्या प्रॉक्सीचा आयपी दिसतो. ती प्रॉक्सी वेबसाइटसाठी आहे, ५२२२ पोर्टवरची चॅटची जोडणी ती पुढे सोडत नाही. चॅटच्या मशीनसाठी ढग राखाडी करा, म्हणजे फक्त डीएनएस.

३. एसआरव्ही रेकॉर्ड

सगळ्या लेखाचा जीव इथे आहे, तेव्हा सावकाश.

मीराचं ॲप एक्झाम्पल.कॉमला जोडायला निघतं तेव्हा ते थेट त्या नावाच्या आयपीकडे जात नाही. ते आधी डीएनएसला विचारतं: या डोमेनची चॅट सेवा कोणत्या मशीनवर, कोणत्या पोर्टवर आहे? ईमेलसाठी हे काम एमएक्स रेकॉर्ड करतं. तीच सोय इतर सेवांनाही मिळावी म्हणून एसआरव्ही आलं. त्याचं आज वापरात असलेलं रूप आरएफसी २७८२ मध्ये २००० साली ठरलं. हे रेकॉर्ड सापडलंच नाही, तर ॲप नाइलाजानं एक्झाम्पल.कॉमच्या ए रेकॉर्डवरच्या ५२२२ पोर्टवर जातं. तिथे तुमची वेबसाइट बसलेली असते, चॅट नाही. सुरुवातीला म्हटलेला 'सापडत नाही'चा प्रकार बहुतेकदा हाच.

दोन रेकॉर्ड लागतात. एक तुमच्या लोकांच्या ॲपसाठी, एक इतर डोमेनच्या सर्व्हरांसाठी:

_एक्सएमपीपी-क्लायंट._टीसीपी — एसआरव्ही — ० ५ ५२२२ चॅट.एक्झाम्पल.कॉम.
_एक्सएमपीपी-सर्व्हर._टीसीपी — एसआरव्ही — ० ५ ५२६९ चॅट.एक्झाम्पल.कॉम.

दोन्ही नावांच्या सुरुवातीच्या अंडरस्कोरकडे बघा. तो टीसीपीच्या आधीही आहे. तो गाळला तर रेकॉर्ड बनतं, पण ते कुणी विचारतच नाही.

पुढचे आकडे क्रमानं असे: प्रायॉरिटी, वेट, पोर्ट. प्रायॉरिटी जितकी कमी तितकं ते मशीन आधी. वेट तेव्हाच कामाला येतं जेव्हा एकाच प्रायॉरिटीची अनेक मशीनं असतात आणि त्यांच्यात भार वाटायचा असतो. एकच मशीन असेल तर ० आणि ५ लिहा आणि विसरून जा. काही पॅनेलमध्ये टार्गेट धरून हे चार वेगळे रकाने असतात, काहींत एकाच रकान्यात जागा सोडून लिहायचं असतं. काही जुन्या पॅनेलमध्ये सेवा आणि प्रोटोकॉल वेगळे विचारतात. तिथे सेवेत _एक्सएमपीपी-क्लायंट, प्रोटोकॉलमध्ये _टीसीपी किंवा ड्रॉपडाउनमधून टीसीपी, आणि नावात ॲटचं चिन्ह किंवा रिकामं, म्हणजे मूळ डोमेन.

शेवटी येतं ते टार्गेट. याचे नियम कडक आहेत. टार्गेटमध्ये आयपी लिहायचा नाही, नावच लिहायचं. आणि त्या नावाला थेट ए किंवा एएएए रेकॉर्ड हवं. सीनेम (एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणारं रेकॉर्ड) असलेलं नाव टार्गेट म्हणून चालत नाही. चुकून सीनेम लावलं तर काही ॲप मुकाट्यानं जोडतात, काही नकार देतात. 'माझ्या फोनवर चालतं' या वाक्याला इथे फारसा अर्थ नाही.

टार्गेटच्या शेवटी असलेला टिंब मुद्दाम दिलाय. त्याचा अर्थ नाव इथे संपलं, पुढे काही जोडू नका. झोन फाइल, म्हणजे डोमेनच्या सगळ्या रेकॉर्डची फाइल, हातानं लिहीत असाल तर तो लागतोच. वेब पॅनेल बहुतेकदा स्वतः लावतात, काही तो टाइप केलेला चालवून घेत नाहीत. इथेही सेव्ह केल्यावरची यादी पाहणं हाच उपाय.

बाहेरच्या सर्व्हरांशी बोलायचंच नाही, फक्त आपल्या गटापुरतं चॅट हवं, असंही असू शकतं. मग सर्व्हरसाठीच्या रेकॉर्डच्या टार्गेटमध्ये नुसता एक टिंब ठेवता येतो. ही सेवा इथे नाही, हे सांगायची तीच अधिकृत रीत. अर्थात सर्व्हरच्या कॉन्फिगमध्येही ती बंद करा आणि फायरवॉलमध्ये ५२६९ उघडू नका.

४. थेट टीएलएसची जोडी

५२२२ वर जोडणी साधी सुरू होते आणि मग एन्क्रिप्शनकडे वळते. पहिल्या पावलापासूनच टीएलएस, म्हणजे हे एन्क्रिप्शन, हवं असेल तर त्यासाठी वेगळी नावं आहेत, एक्सएमपीपीनंतर एक एस जोडलेली:

_एक्सएमपीपीएस-क्लायंट._टीसीपी — एसआरव्ही — ५ ५ ५२२३ चॅट.एक्झाम्पल.कॉम.

सर्व्हरांसाठी याच धर्तीवर _एक्सएमपीपीएस-सर्व्हर, रूढ पोर्ट ५२७०. ही रेकॉर्ड ऐच्छिक आहेत आणि आधी सर्व्हरमध्ये ते पोर्ट चालू करावे लागतात. यातला खरा फायदा असा की पोर्टचा आकडा तुमच्या हातात असतो. ऑफिस किंवा हॉटेलच्या वायफायवर ५२२२ बऱ्याचदा अडवलेलं असतं, ४४३ मात्र कुणी अडवत नाही. चॅटच्या मशीनवर ४४३ मोकळं असेल, तर इथे ५२२३ ऐवजी ४४३ द्या. ज्यांना प्रवासात चॅट लागतं ते तुम्हाला दुवा देतील.

५. ग्रुप आणि फाइल पाठवणं

आता असा प्रकार जो हमखास चकवतो. ग्रुप चॅटसाठी सर्व्हरवर वेगळा कंपोनंट असतो आणि त्याला स्वतःचं नाव असतं, बहुधा कॉन्फरन्स.एक्झाम्पल.कॉम. त्याचं डीएनएस रेकॉर्ड न लावताही तुमच्या सर्व्हरवरच्या सगळ्यांना ग्रुप व्यवस्थित चालतो, कारण त्यांची ॲप तुमच्या सर्व्हरशीच बोलतात आणि सर्व्हरला आतलं नाव माहीत असतं. मग बाहेरच्या डोमेनवरच्या कुणाला ग्रुपमध्ये बोलावलं जातं आणि त्याला रिमोट सर्व्हर मिळत नाही असा निरोप येतो. त्याचा सर्व्हर कॉन्फरन्स.एक्झाम्पल.कॉम हे नाव डीएनएसमध्ये शोधतोय, आणि ते नावच नाही. मूळ डोमेनचं एसआरव्ही सबडोमेनला आपोआप लागू होत नाही.

उपाय दोन. एक तर या नावालाही स्वतःचं एसआरव्ही द्या:

_एक्सएमपीपी-सर्व्हर._टीसीपी.कॉन्फरन्स — एसआरव्ही — ० ५ ५२६९ चॅट.एक्झाम्पल.कॉम.

किंवा कॉन्फरन्स हे नाव ए रेकॉर्डनं किंवा सीनेमनं चॅटच्या मशीनकडे वळवा. एसआरव्ही नसल्यामुळे समोरचा सर्व्हर त्याच आयपीवर ५२६९ ला येईल. सीनेमला मनाई एसआरव्हीच्या टार्गेटमध्ये आहे, इथे नाही. मी एसआरव्ही लावतो, पोर्ट स्पष्ट लिहिलेलं बरं.

फाइल आणि फोटो पाठवण्यासाठी अपलोड.एक्झाम्पल.कॉम असा कंपोनंट असेल तर तिथे गणित उलटं. ॲप त्या नावावर साध्या एचटीटीपीएसनं, ब्राउझर जातो तसं थेट जातं. तिथे एसआरव्हीचा काही संबंध नाही, ए रेकॉर्डच हवं. मजकूर जातोय पण फोटो अडकतोय, असं झालं की आधी हे नाव तपासा.

६. सर्टिफिकेट कोणत्या नावाचं?

एसआरव्ही लावलं, मशीन चॅट.एक्झाम्पल.कॉम, म्हणून सर्टिफिकेटही त्याच नावाचं घेतलं, हे अगदी स्वाभाविक वाटतं आणि अगदी चुकीचं आहे. ॲपला एक्झाम्पल.कॉमशी बोलायचंय. डीएनएसचं उत्तर वाटेत कुणी बदललेलं असू शकतं, म्हणून ते मशीनच्या नावावर विश्वास ठेवत नाही. समोर जो आहे त्यानं एक्झाम्पल.कॉमचंच ओळखपत्र दाखवावं असं त्याचं म्हणणं असतं. म्हणजे सर्टिफिकेटमध्ये पत्त्यातलं नाव हवं, सोबत कॉन्फरन्सचं. अपलोडचंही हवं, पण तिथे कारण ब्राउझरवालं: ज्या नावावर जातोय त्याच नावाचं. मशीनचं नाव त्यात नसलं तरी चॅटचं काही अडत नाही.

इथून एक अडचण उभी राहते. मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टकडून ते घेण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे त्या नावाच्या पोर्ट ८० वर एक फाइल दाखवणं. पण एक्झाम्पल.कॉमचं पोर्ट ८० दुसऱ्याच होस्टिंगवर आहे, चॅटच्या मशीनवर नाही. मग डीएनएसवरून सिद्ध करण्याचा मार्ग धरायचा. _एक्मी-चॅलेंज या नावाचं टीएक्सटी रेकॉर्ड, त्यात त्यांनी दिलेली अक्षरं, आणि ती दिसली की सर्टिफिकेट मिळतं. वाइल्डकार्ड (सगळ्या सबडोमेनना चालणारं) सर्टिफिकेट तर फक्त याच मार्गानं मिळतं. हे टीएक्सटी हातानं टाकत बसू नका. सर्टिफिकेटची मुदत ९० दिवस किंवा त्याहून कमी असते, आणि दरवेळची अक्षरं नवी असतात. एखादा महिना विसरलात की सगळ्यांचं चॅट एकाच सकाळी बंद. तुमच्या डीएनएस सेवेला एपीआय असेल तर सर्टिफिकेट आपोआप आणणाऱ्या सर्टबॉट किंवा एक्मी.एसएचला त्याची चावी द्या. नवं सर्टिफिकेट आल्यावर ते चॅट सर्व्हरपर्यंत पोचवणारा हुकही जोडा. प्रोसॉडीत त्यासाठी प्रोसॉडीसीटीएलची सर्ट इम्पोर्ट ही कमांड आहे.

झोनमध्ये आधीपासून सीएए रेकॉर्ड (सर्टिफिकेट कोण देऊ शकतं ते सांगणारं) असेल तर त्यात लेट्स एन्क्रिप्टचं नाव आहे ना, ते पाहा. नसेल तर बाकी सगळं बरोबर असूनही सर्टिफिकेट नाकारलं जाईल.

७. तपासणी

ॲप उघडून पाहणं ही तपासणी नव्हे. डिग ही डीएनएसला प्रश्न विचारणारी कमांड वापरा:

डिग +शॉर्ट एसआरव्ही _एक्सएमपीपी-क्लायंट._टीसीपी.एक्झाम्पल.कॉम

उत्तर असं यायला हवं: ० ५ ५२२२ चॅट.एक्झाम्पल.कॉम. मग त्या चॅट नावाचा ए विचारा आणि आयपी जुळतोय का बघा. विंडोजवर एनएसलुकअपला टाइप एसआरव्ही सांगून हेच मिळतं.

काहीच उत्तर आलं नाही तर लगेच रेकॉर्ड उपटून पुन्हा लावू नका. डीएनएसचे बदल जगभर हळूहळू पसरतात असं म्हणतात, पण प्रत्यक्षात कुणी काही पसरवत नाही. तुमच्या नेमसर्व्हरवर बदल झाला की झाला. अडतं ते मधल्या रिझॉल्व्हरांच्या, म्हणजे तुमच्या वतीनं विचारणाऱ्या सर्व्हरांच्या कॅशमध्ये. तिथलं जुनं उत्तर त्याच्या टीटीएलइतकी (रेकॉर्डसोबत लिहिलेली मुदत) सेकंदं टिकतं. आणि 'असं नाव नाही' हे उत्तरही कॅशमध्ये राहतं. रेकॉर्ड लावण्याआधीच उत्सुकतेनं डिग मारलं असेल, तर तो नकार तुमच्या रिझॉल्व्हरनं जपून ठेवलेला असतो. किती वेळ, ते झोनच्या एसओए रेकॉर्डमधला शेवटचा आकडा ठरवतो. म्हणून आधी लावा, मग विचारा. आणि शंका आली तर मधल्यांना वगळून थेट आपल्या नेमसर्व्हरला विचारा: डिगला एनएस विचारून त्याचं नाव मिळवा आणि पुढच्या कमांडमध्ये ॲटचं चिन्ह लावून ते नाव द्या. तिथे बरोबर उत्तर आलं की काम झालेलं आहे, फक्त थांबायचंय.

डीएनएस बरोबर, तरी जोडत नाही? मग प्रश्न पोर्टचा. बाहेरच्या नेटवर्कवरून, म्हणजे घरच्या वायफायवरून नव्हे तर मोबाइल डेटावरून, ५२२२ आणि ५२६९ उघडे आहेत का ते नेटकॅट या कमांडनं पाहा. व्हीपीएसवर दोन फायरवॉल असू शकतात, एक मशीनच्या आत आणि एक कंपनीच्या पॅनेलमध्ये. दुसरी बहुतेक जण विसरतात. प्रोसॉडी असेल तर प्रोसॉडीसीटीएल चेक डीएनएस ही कमांड कोणत्या होस्टचं कोणतं रेकॉर्ड चुकलंय ते नावानिशी सांगते, आणि चेक सर्ट्स सर्टिफिकेटचं. हा सगळा लेख वाचण्याआधी ती चालवली तरी हरकत नाही.

ऑडिओ-व्हिडिओ कॉल हवे असतील तर टर्न सर्व्हर (कॉल पुढे पोचवणारा मधला सर्व्हर) लागतो, रूढ पोर्ट ३४७८. त्यालाही एसआरव्ही असतं, पण चॅटची ॲप टर्नचा पत्ता सहसा तुमच्या सर्व्हरकडूनच घेतात. एक ए रेकॉर्ड पुरतं, आणि तेही प्रॉक्सीविना.

मॅट्रिक्स लावणाऱ्यांनो, तुमची तऱ्हा वेगळी. तिथे ॲप एसआरव्ही पाहतच नाही. मूळ डोमेनच्या वेबसाइटवरच्या .वेल-नोन फोल्डरातली एक जेसन फाइल वाचतं. सर्व्हर-सर्व्हर बोलणीही आधी तिथेच बघतात, मग _मॅट्रिक्स-फेड._टीसीपी हे एसआरव्ही, आणि काहीच नसेल तर पोर्ट ८४४८. म्हणजे तुम्हाला मशीनसाठी ए रेकॉर्ड आणि वेबसाइटवर दोन फाइली ठेवायची मुभा, इतकंच पुरतं. जुन्या लेखांत _मॅट्रिक्स._टीसीपी दिसेल, ते आता कालबाह्य धरलं जातं.

८. पुढे मशीन बदलायचं झालं तर

सगळं सुरळीत चालू लागलं की टीटीएल ३६०० ठेवा. मशीन हलवायच्या आदल्या दिवशी चॅटच्या ए रेकॉर्डचं टीटीएल ३०० करा, जुनं टीटीएल उलटून जाऊ द्या, जुना सर्व्हर बंद करून डेटा हलवा, आणि मग आयपी बदला. एसआरव्हीला हात लावायची गरज नाही, ते नावाकडे बोट दाखवतंय. जुनं मशीन हलवण्याआधीच बंद करायचं कारण एवढंच की काही ॲप काही मिनिटं जुन्याच आयपीवर जात राहतील, आणि दोन्हीकडे सर्व्हर चालू राहिला तर निरोप दोन डेटाबेसांत विभागले जातील.

याच कारणानं, १० प्रायॉरिटीचं दुसरं एसआरव्ही लावून बॅकअप सर्व्हर झाला असं समजू नका. दुसऱ्या मशीनवर तीच खाती आणि तोच डेटा नसेल, तर पहिलं बंद पडल्यावर लोक तिथे जातील आणि पासवर्ड चुकलाय असं उत्तर घेऊन परत येतील. ईजॅबरडीचं क्लस्टर करणार असाल तरच ते रेकॉर्ड लावा.